अकराव्या पोलाखालची अळंबी

शब्बीरभाई गेल्याचं मला त्यांच्या मुलीनं जामखेडहून फोन करून कळवलं. तिनं आधी विचारलं, "तुम्ही तीन नंबर पोलवाले सर का?" मी हो म्हणालो. अब्बांच्या मोबाईलमध्ये माझा नंबर त्याच नावानं होता. तिथं कुणाचंच आडनाव नव्हतं म्हणे. डीपीजवळची बाई, सात नंबर किराणा, बारा नंबर गिरणी, अशी सगळी माणसं. कुणाला कळवायचं आणि कुणाला नाही, हे तिला उमजेना, म्हणून ती पोलाच्या क्रमानंच एकेकाला फोन करत होती. माझ्याआधी दोघांना करून झाले होते.

याला आता वर्ष झालं. तेव्हापासून त्यांच्याविषयी लिहायला बसतो आणि उठतो. शांतपणे लिहावं असं ते स्वतः कधी शांत नव्हते, आणि त्यांच्या बाबतीत मी जे केलं ते मलाही शांत बसू देत नाही. ते काय, ते पुढे येईलच.

माझं गाव श्रीरामपूर. पण सतरा वर्षं मी अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात हायस्कुलात मराठी शिकवलं. शब्बीरभाई तिथले वायरमन. गाव, गावाच्या वरच्या चार वाड्या आणि डोंगराच्या सोंडेवरून पलीकडे उतरणारी लाईन, एवढा मुलूख त्यांच्या ताब्यात होता. बायको-मुलं जामखेडला. ते इथं एका खोलीत एकटे राहत आणि महिन्यातून एकदा घरी जात. बारीक अंगाचे, उन्हानं रापलेले, कमरेला पक्कड. चालता चालता प्रत्येक पोलावर पक्कडीनं एक टोला मारायची त्यांना सवय होती. आवाजावरून पोल आतून गंजलाय का ते कळतं, असं सांगत. सिमेंटच्या पोलावरही मारत, तेव्हा काय कळायचं ते मी कधी विचारलं नाही.

आमच्या घरी आले तर दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत चालत बोलायचे. माझी बायको सुनंदा म्हणायची, "शब्बीरभाई, बसा हो, मला बघून चक्कर येते." बसले तर पाय हलायचा. मी एकदा थट्टेनं विचारलं, "नमाजात तरी स्थिर असता का?" तर म्हणाले, "तिथं तर उठबस ठरलेलीच हाय, सर. म्हनून तर बरं वाटतं."

जामखेडकडच्या कोरड्या मुलखातला हा माणूस. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्या कातडी चपलेला बुरशी आली, तर त्यांनी ती बातमी घरी फोन करून सांगितली होती. जमिनीतून न पेरता काही उगवतं आणि ते खाता येतं, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. तो विश्वास त्यांना जाईबाईनं दिला.

जाईबाई ठाकरवाडीवरची. तेव्हाच साठीच्या पुढे असावी. तिच्या झोपडीला मीटर बसवायला शब्बीरभाई गेले होते. भाद्रपदाचे दिवस. वाटेत एका वारुळावर पांढऱ्या छत्र्या उगवलेल्या दिसल्या आणि त्यांनी चालता चालता एकीला पायानं उडवलं. मागून आवाज आला.

"आरं लाईटवाल्या, जेवनाला लाथ मारतोस व्हय?"

"कुत्र्याची छत्री हाय ती, मावशी."

"कुत्रं तू. हिला मुळी हाय बघ."

असं म्हणून ती उकिडवी बसली आणि देठाच्या कडेनं बोटांनी वारूळ उकरत गेली. देठ खाली बारीक होत होत आत शिरला होता, वीतभर, त्याच्याही खाली. वर छत्रीच्या मधोमध टोकदार बोंड. शब्बीरभाई मला हा प्रसंग सांगायचे तेव्हा हवेत बोटं अशी खाली खाली नेत की आपणही खाली बघू लागावं.

त्या दिवशी मीटर बसलं, दिवा लागला आणि जाईबाईनं त्यांना अळंबीचं कालवण घातलं. मग ते तिच्या मागेच लागले. तिनं शिकवायचं कबूल केलं, पण अट घातली. तीन पावसाळे हात पाठीमागे बांधून चालायचं. खुडायचं नाही, शिवायचंही नाही. ती बोट न दाखवता थांबायची आणि विचारायची, "ही कोन?" त्यांनी सांगायचं. चुकले तर ती काही न बोलता पुढे चालू लागायची, आणि बरोबर असलं तरी तेच. कोणतं चुकलं आणि कोणतं बरोबर आलं हे त्यांनीच घरी जाऊन डोकं खाजवत ठरवायचं. चाळिशीतला सरकारी नोकर, डोंगराच्या वाटेनं म्हातारीच्या मागे हात बांधून चाललेला, लोक हसायचे. "शब्बीरभाई, अटक झाली का?" असं विचारायचे. ते म्हणायचे, "व्हय, जामीन मिळंना."

चौथ्या वर्षी तिनं त्यांना खुडू दिलं आणि सोबत एक नियम दिला. ज्यानं खुडली त्यानं आधी खायची, आणि दिवस मावळेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंडात घालायची नाही. मी एकदा म्हणालो, असं खाऊन बघणं ही काही ओळखायची रीत नव्हे. त्यांना ते लागलं. "ओळखायला न्हाई खात, सर. ज्या अळंबीची शंका आली ती मी घरातच आनत न्हाई. जी शंभर टक्के म्हाईत हाय, तीच आधी मी खायची. दुसऱ्याच्या ताटात घालायची तर आपलं ताट आधी पायजे."

तर भाद्रपद-अश्विनात, पाऊस उघडून ऊन पडलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात. हातात पळसाच्या पानांचा पुडा. सुनंदाला चूल मोकळी करायला लावत आणि भाजी स्वतः करत. अळंबी सुरीनं कापू देत नसत. हातानं उभी फाडायची. आत कीड असली तर तिथंच दिसते. तीन पाण्यांतून माती काढायची. मग लोखंडी कढईत तेल, भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, किंचित हळद, मीठ. अळंबीला आपलं पाणी सुटतं, ते आटेपर्यंत झाकण ठेवायचं नाही. सुनंदानं एकदा काळा मसाला पुढे केला तर त्यांनी डबा परत तिच्याकडे सरकवला. "मसालाच खायचा तर मटन घ्या की, वहिनी. हिला कशाला तरास."

भाजी झाली की उभ्याउभ्या भाकरीच्या तुकड्यावर चार फोडी घेऊन खायचे, कढईवर ताट झाकायचे आणि कामावर निघून जायचे. दिवसभर ती भाजी आमच्या घरात झाकलेली असे आणि तिचा वास सगळ्या खोलीत. संध्याकाळी, दिवस मावळला की, दारात उभे राहून सांगायचे, "हाय अजून. वाढा, वहिनी."

सुनंदानं एकदा विचारलं, "तुम्हाला काही झालं तर आम्ही काय करायचं? भाजी फेकायची की रडायचं?"

"आधी फेकून द्या. मंग रडा."

या नियमावरून त्यांनी एका साहेबांनाही दुखावलं. वरच्या हुद्द्याचे अधिकारी लाईनची पाहणी करायला आले होते. त्यांनी अळंबीविषयी ऐकलं होतं; नगरला घरी न्यायला एक पाटी मागितली. शब्बीरभाईंनी हात जोडले. "देतो की साहेब. पन मलाबी गाडीत घ्या. नगरला आधी मी खातो, संध्याकाळपर्यंत तुमच्या ओट्यावर थांबतो, मंग म्याडमनी वाढावं." साहेबांना वाटलं हा टिंगल करतोय. ते रागावून गेले. शब्बीरभाई खरोखरच जायला तयार होते. त्यांनी तेवढ्यासाठी सदराही बदलला होता.

तारेच्या कामातही त्यांचं असंच होतं. वादळ होऊन तार तुटली की ते सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करायला सांगत. तिथला माणूस "बंद केली" म्हणाला, तरी खालून तारेवर साखळी टाकून ती जमिनीला टेकवल्याशिवाय पोलावर चढत नसत. एकदा मी जवळ उभा होतो. लाईन बंद असल्याचा निरोप येऊन पाच मिनिटं झाली होती. त्यांनी साखळी फेकली आणि कडाडून ठिणगी उडाली. मी दोन पावलं मागे पडलो. त्यांनी फोन लावला, तिकडच्या माणसाला एक शब्द वाकडा न बोलता सांगितलं, "दादा, दुसरी बंद झाली वाटतं. आमची बघा बरं." मग मला म्हणाले, "त्यो खोटं न्हाई बोलला. त्यानं बंदच केली, पन त्याच्या डोळ्यापुढची. मी हितं उभा हाय."

भाद्रपदात डोंगराच्या सोंडेवरची लाईन वारंवार बिघडे, आणि ती दुरुस्त करायला शब्बीरभाई पिशवी घेऊन जात. त्यावरून गावात फार चाले. "वायरमन, लाईट न्हाई आली अजून, अळंबी आली का?" ते म्हणत, "दोनी आनतो, दम धरा." आणि दोन्ही आणत. किराणावाला, शाळेचा शिपाई, दवाखान्यातली नर्स, अशा पाच-सात घरी पळसाच्या पानांचे पुडे जायचे. प्रत्येक ठिकाणी एकच निरोप असायचा: मी सकाळी खाल्ली, दिवस मावळला की खा. स्वतःच्या घरी मात्र त्यांना कधी अळंबी नेता आली नाही. एसटीत जामखेडपर्यंत ती टिकत नाही. एकदा पत्र्यावर वाळवून नेली. बायकोनं वास घेतला आणि म्हणाली, ह्याला मातीचा वास येतो. त्यांना याचं वाईट वाटलं नव्हतं, उलट पटलं होतं. "आमच्याकडं वर्षभर मातीच नाकातोंडात जाती, सर. जेवनात कशाला पायजे."

त्यांच्या जागा पोलांच्या हिशेबानं ठरलेल्या होत्या. प्रत्येक पोलावर रंगानं आकडा असतो. "सोंडेवरचा सहावा, त्याच्या उगवतीला दोन वारुळं." "अकरावा, तिथं बांधाच्या खाली बघायचं." बोलता बोलता ते आकडे सांगून जात. मी पुस्तकातला माणूस. कानावर पडलेलं लिहून ठेवायची खोड. एकदा त्यांच्यासमोरच डायरी काढली तर त्यांनी पेन्सिल धरली. "लिहू नका. कागद बघत चाललं की मानूस पायाखाली बघत न्हाई." मी डायरी मिटली आणि ते गेल्यावर लिहिलं. अशा नऊ जागा माझ्याकडे लिहिलेल्या होत्या.

पुढे ठेकेदारानं डोंगराची ती लाईन नवी केली. तारेला झोळ पडू नये म्हणून मध्ये मध्ये जास्तीचे पोल उभे केले आणि सगळ्यांवर नव्यानं आकडे रंगवले. शब्बीरभाई बोलताना जुनेच आकडे वापरत राहिले, कारण त्यांना आकडा बघायचा नव्हता, जागा माहीत होती. मला हे काही माहीत नव्हतं.

तो रविवार होता. आम्ही ख्रिस्ती आणि त्या गावात चर्च नव्हतं, त्यामुळे रविवारची सकाळ मला मोकळी आणि जड जायची. मी फिरायला निघालो, खिशात डायरी. शब्बीरभाई शनिवारपासून शेजारच्या खोऱ्यात गेले होते. तिकडे बऱ्याच तारा तुटल्या होत्या. मी सोंडेवर चढलो, पोल मोजत नव्हे, त्यांवरचे आकडे वाचत गेलो. अकरावा आला. खाली बांध होता, बांधाच्या पलीकडे गवतात पांढऱ्या छत्र्या उभ्या होत्या. लिहिलेलं बरोबर निघालं, याचा मला इतका आनंद झाला की मी दुसरं काही पाहिलंच नाही. छत्रीवर तपकिरी खवले होते, देठाला कडं होतं, मधोमध बोंड नव्हतं. हे सगळं मला आज आठवतं, म्हणजे तेव्हा दिसलं असणार. खिशातल्या चाकूनं मी देठ कापले. कापले म्हणून मुळी आहे की नाही हा प्रश्नच आला नाही.

सुनंदाला म्हणालो, "शब्बीरभाईंच्या जागेवरची आहे." तिनं भाजी केली. दुपारी आम्ही जेवायला बसलो, मी दोन घास खाल्ले आणि एका विद्यार्थ्याचे वडील दाखल्यासाठी दारात आले. त्यांच्याशी बोलण्यात माझा अर्धा तास गेला. सुनंदाचं जेवण झालं होतं. दोन तासांनी तिला उलट्या सुरू झाल्या. मलाही मळमळलं, पण तिचं थांबेना. पाणी पोटात राहीना. शेजारच्या जीपमध्ये घालून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. जीपवालाही आत आला होता. डॉक्टरांनी विचारलं, "अळंबी कुणी दिली?"

मी सुनंदाचा हात धरून उभा होतो. जीपवाला म्हणाला, "दुसरं कोन देनार? शब्बीर वायरमन. सरांकडं त्योच देतो."

मी काही बोललो नाही.

त्या क्षणी माझं लक्ष नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. त्या क्षणापुरतं ते खरंही असेल. पण सुनंदा दोन दिवस सलाईनवर होती, तिसऱ्या दिवशी घरी आली, आठवड्यानं शाळेत लोक चौकशी करू लागले, आणि तरी मी बोललो नाही. सुनंदा विचारणाऱ्यांना सांगायची, "त्यांच्याच जागेवरची होती हो, कशी काय लागली." तिला मी तेवढंच सांगितलं होतं. मुलांना वर्गात 'ओळखल्याशिवाय रानातलं काही तोंडात घालू नका' असं दरवर्षी बजावणारा मास्तर मी. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता सांगायचं अवघड होत गेलं.

शब्बीरभाई सोमवारी संध्याकाळी दवाखान्यात आले. खोलीत न येता दारात उभे राहिले. सुनंदाची विचारपूस केली. मग मला म्हणाले, "मुळी हुती का, सर?"

"लक्षात नाही," मी म्हणालो.

ते थोडा वेळ चौकटीवर बोटं वाजवत राहिले आणि गेले.

गावात त्यांना तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. पुढच्या भाद्रपदात त्यांनी पुडे वाटले, तेव्हा लोकांनी घेतले. दोन दिवसांनी त्यांना स्वतःचा पुडा किराणावाल्याच्या मागच्या उकिरड्यावर दिसला. पानं सोडवलेलीही नव्हती, शेळी हुंगत होती. त्यानंतर त्यांनी वाटणं थांबवलं. आमच्याकडे यायचे, पण रिकाम्या हातानं. त्यांचं चालणं मात्र वाढलं होतं. दुरुस्त केलेलं काम पुन्हा बघायला जायचे. कुणाच्या घरचा फ्यूज बसवून आले की अर्ध्या वाटेतून परत फिरायचे आणि विचारायचे, "नीट हाय ना?" लोक वैतागायचे.

त्या काळात, दुसऱ्या उन्हाळ्यात, जाईबाई वारली. सरणाला लाकडं वाहणाऱ्यांत शब्बीरभाई होते.

मग त्यांची निवृत्ती आली, सप्टेंबरअखेर. शाळेच्या हॉलमध्ये छोटा समारंभ ठेवला. गावातले शंभरेक लोक, शाल, नारळ. बोलायचं काम माझ्याकडे. गावात असं काम माझ्याकडेच असे. भाषण लिहून खिशात ठेवलं होतं. शब्बीरभाई खुर्चीवर बसले होते, पाय हलत होता, आणि त्यांची नजर छतावरच्या आवाज करणाऱ्या पंख्याकडे होती. मी उभा राहिलो आणि कागद काढलाच नाही. म्हणालो, दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी जी अळंबी शिजली ती शब्बीरभाईंनी दिलेली नव्हती. ती मी खुडली. त्यांना न विचारता, त्यांनी नको म्हटलेलं असताना लिहून ठेवलेल्या आकड्यावरून. ते त्या दिवशी या गावात नव्हतेही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

कुणीतरी खोकलं. सुनंदा पहिल्या रांगेत होती. ती माझ्याकडे बघत राहिली. सरपंच उठून म्हणाले, "असू द्या सर, झालं गेलं," आणि त्यांनी नारळ पुढे केला.

समारंभ संपल्यावर शब्बीरभाई मला मैदानाच्या कडेला घेऊन गेले. शाल खांद्यावरून सरकत होती, ती त्यांनी काढून काखेत मारली.

"मला म्हाईत हुतं, सर. सोमवारी दवाखान्यात यायच्या आधी सोंडेवरचा एकेक पोल बघून आल्तो. नव्या अकराव्याखाली देठं दिसली. चाकूनं कापलेली. आमच्यात चाकू कोन लावतो?"

"मग बोलला का नाहीत?"

"वहिनी झोपून हुत्या, तुमी उशाशी. त्या टायमाला मानसाला काय बोलायचं." ते मैदानाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. "मंग वाटलं, तुमी बोलाल."

त्यांच्या काखेतून निसटणारी शाल मी हातात घेतली.

"गावाचं काय न्हाई, सर. गाव इसरतं. जाईबाईनं मला इचारलं. मास्तरच्या बायकोला कुनी घातली? मी म्हनलं, मी न्हाई. तर कोन? मी गप. ती म्हनली, लाईटवाल्या, तुला खोटंबी धड बोलता येत न्हाई. त्या दिसापासून तिनं माझ्या हातची खाल्ली न्हाई. मी पाटी घिऊन जायचो, ती म्हनायची, ठिव तिथं. मरंपर्यंत."

"तुम्ही माझं नाव सांगायचं होतं."

"तुमी पोरांना शिकवता. वाडीची पोरं तुमच्याच शाळंत हायत. माझ्या तोंडून तुमचं नाव कसं सांगू?" मग म्हणाले, "आज हितं बोललात त्ये बरं झालं. पन जिथं बोलायला पायजे हुतं तिथं उद्या चला. माझी गाडी नवाला हाय."

सकाळी सव्वाआठला आम्ही वाडीवर होतो. जाईबाईच्या झोपडीत आता तिची सून हौसा राहते. ती अंगणात चूल पेटवत होती. शब्बीरभाई मागे उभे राहिले आणि मला पुढे केलं. शंभर लोकांसमोर बोलताना मला जेवढं अवघड गेलं नव्हतं, तेवढं त्या एका बाईसमोर गेलं. मी सांगितलं. पोलाचा आकडा, चाकू, दवाखाना, गप्प राहणं, सगळं. तिनं ऐकताना फुंकणी खाली ठेवली नाही.

"सासूबाई लई दिस बोलत हुत्या," ती शेवटी म्हणाली. माझ्याशी नव्हे, शब्बीरभाईंशी. "माझा लाईटवाला चुकला, म्हनायच्या. दुसऱ्याला शिकवलं आसतं तर चुकला आसता, ह्यो कसा चुकला. तुमी नसताना बोलायच्या. रडल्याबी एकदा."

शब्बीरभाईंनी तोंड फिरवलं आणि मीटरच्या पेटीचं झाकण उघडून उगाच आत पाहिलं.

हौसा झोपडीत गेली. परत आली ती पाटी घेऊन; वर ओली पानं, खाली अळंबी. पहाटेच खुडून आणली होती, रस्त्याला विकायला न्यायची होती. तिनं पाटी शब्बीरभाईंच्या पुढे ठेवली.

"दोन जागची हाय. एक जुनं वारूळ, त्ये म्हाईत हाय. दुसरं नवं. मला उमजना. येवढी बघून द्या, मंग जावा."

मला शाळेत पोचायचं होतं. मी दोघांनाही नमस्कार केला. शब्बीरभाईंनी मान हलवली, वर पाहिलं नाही. ते जमिनीवर उकिडवे बसले होते. एक अळंबी उचलायची, देठ उताणा करून बघायचा, बोंडावर अंगठा फिरवायचा, पानावर ठेवायची, मग दुसरी. ती सकाळ आमची शेवटची भेट. त्यानंतर ते जामखेडला राहिले, फोन होत राहिले, भेट झाली नाही.

वळणावर पोचल्यावर मी मागे पाहिलं. "ही न्हाई," ते म्हणाले, एवढं मला तिथवर ऐकू आलं. हौसानं काही न विचारता ती त्यांच्या हातातून घेतली, कुंपणापलीकडे टाकली आणि पुढची मूठ त्यांच्यासमोर धरली. खाली रस्त्यावर नऊची गाडी आली. हॉर्न दोनदा वाजला आणि गाडी निघून गेली. पाटी अजून अर्धी व्हायची होती.